जुन्या लष्करी परिवहन विमानांचे प्रोपेलर : हर्क्युलस विमानाच्या नूतनीकरणाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या जन्मकथेपासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. आराखडा कोणी केला, पहिले उड्डाण केव्हा झाले, पूर्वीच्या यंत्राहून नवे यंत्र कितपत सरस ठरले, एवढे नमूद केले की विषय पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु यंत्राचे बहुतेक आयुष्य जन्मानंतरचे असते. त्या दीर्घ काळात त्याचे भाग झिजतात, बदलले जातात, एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसविले जातात. आणि त्यावर अवलंबून राहणाऱ्या माणसांचे प्राण या अप्रसिद्ध व्यवहारावर विसंबून असतात. या दृष्टीने पाहता सी-१३० हर्क्युलस या अमेरिकन परिवहन विमानाच्या प्रोपेलरांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. १९५४ साली प्रथम उडालेल्या या विमानाची निर्मिती एकविसाव्या शतकातही चालू राहिली आणि २,५०० हून अधिक विमाने बांधली गेली.

या विमानाच्या प्रोपेलराला आरंभी तीन पाती होती. पुढे चार झाली, नंतर सहा आणि शेवटी आठ. पात्यांच्या या वाढत्या संख्येकडे पाहून प्रगतीचा एक सरळ जिना डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु एक पायरी चढल्यावर मागची पायरी नाहीशी झाली असे येथे घडलेले नाही. १९५० नंतरच्या दशकात आलेला चार पात्यांचा प्रोपेलर सहा आणि आठ पात्यांच्या प्रोपेलरांशेजारी, त्याच वायुदलात, साठ वर्षांहून अधिक काळ फिरत राहिला. म्हणून या इतिहासातील खरा प्रश्न नवा प्रोपेलर कधी आला हा नसून, जुना प्रोपेलर इतकी वर्षे कशाच्या आधारावर विश्वासार्ह मानला गेला, हा आहे.

१

प्रोपेलराचे पाते हे मुळात एक फिरणारे पंखच असते. विमानाचा पंख हवा कापताना वर उचलणारे बल निर्माण करतो, तर पाते फिरताना विमानास पुढे ओढणारे बल निर्माण करते. पात्याचा कोन लहान असेल तर उड्डाणाच्या आरंभी, विमान मंदगती असताना, चांगली ओढ मिळते. वेग वाढल्यावर मात्र तोच कोन अपुरा पडतो. कोन मोठा ठेवल्यास याच्या उलट घडते. जोपर्यंत पात्यांचा कोन कायमचा पक्का बसविलेला असे, तोपर्यंत विमानकर्त्याला या दोहोंपैकी एका गुणाचा त्याग करणे भाग होते.

ही अडचण १९३३ साली बोइंग २४७ या प्रवासी विमानाच्या बाबतीत ठळकपणे पुढे आली. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायेन येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० फूट उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत जड विमानाला वर चढणे कठीण जात असे. हॅमिल्टन स्टँडर्ड या कंपनीचे अभियंते फ्रँक कॉल्डवेल यांनी उड्डाण चालू असताना पात्यांचा कोन बदलण्याची सोय असलेला प्रोपेलर तयार केला होता. त्या प्रोपेलराने बोइंगची ही अडचण दूर झाली आणि त्या कामगिरीबद्दल १९३३ चे कॉलियर पारितोषिक कंपनीस मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विमान तेच, इंजिन तेच. केवळ प्रोपेलर बदलल्याने विमानाची योग्यता बदलली. जुन्या विमानाला नवा प्रोपेलर लावण्यामागील सगळा तर्क या एका घटनेत बीजरूपाने आढळतो.

दुसऱ्या महायुद्धात डाकोटा विमानांवर याच कंपनीचे, तेलाच्या दाबाने कोन बदलणारे तीन पात्यांचे प्रोपेलर होते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय सैन्य उतरविणारी विमाने याच जातीची होती. मात्र डाकोटाची इंजिने दट्ट्यांची होती. युद्धानंतर टर्बोप्रॉप इंजिने आली, तेव्हा प्रोपेलरापुढे निराळीच समस्या उभी राहिली.

२

कोरियातील युद्ध चालू असताना, १९५१ साली, अमेरिकन वायुदलाने एका नव्या परिवहन विमानाची मागणी नोंदविली. कच्च्या व आखूड धावपट्टीवरून उडू शकणारे आणि सैनिक, तोफा, वाहने यांपैकी काहीही नेऊ शकणारे विमान त्यास हवे होते. लॉकहीड कंपनीचा आराखडा पसंत पडला आणि २३ ऑगस्ट १९५४ रोजी त्याच्या नमुना विमानाने कॅलिफोर्नियातील बरबँक येथून पहिले उड्डाण केले. ॲलिसन कंपनीची चार टी५६ इंजिने त्यास बसविलेली होती.

टी५६ इंजिनाचे वैशिष्ट्य असे की, उड्डाणात ते जवळजवळ एकाच गतीने फिरत राहते. मिनिटाला १३,८२० फेरे ही ती गती होय. वैमानिकाने शक्ती वाढविली की इंधन वाढते, परंतु फेरे वाढू द्यावयाचे नसतात. वाढलेली शक्ती शोषून घेण्याचे काम प्रोपेलराचे. त्यासाठी त्याने पात्यांचा कोन तत्काळ आणि अचूक बदलला पाहिजे. त्यात किंचित विलंब झाला तरी इंजिनाची गती हेलकावे खाऊ लागते. सारांश, दट्ट्यांच्या इंजिनाशी काहीशा शिथिलपणे जोडलेला प्रोपेलर आता इंजिनाच्या नियंत्रणाचा अविभाज्य घटक बनला.

पहिल्या विमानांवर कर्टिस-राइट कंपनीचे, विजेच्या मोटरीने कोन बदलणारे, तीन पात्यांचे प्रोपेलर होते. त्यांना हे काम समाधानकारकपणे साधेना. म्हणून सी-१३०ए या पहिल्या उत्पादित प्रकारात लवकरच एरोप्रॉडक्ट्स कंपनीचे, द्रवदाबावर चालणारे प्रोपेलर बसविण्यात आले. पाती तीनच राहिली. बदलली ती कोन फिरविण्याची यंत्रणा. हर्क्युलसच्या प्रोपेलराची पहिली सुधारणा अशी बाहेरून डोळ्यांना न दिसणारी होती.

दुसरी सुधारणा सी-१३०बी या प्रकाराबरोबर आली. सी-१३०ए विमानाच्या इंजिनाची शक्ती ३,७५० अश्वशक्ती होती. ती आता ४,०५० झाली. वाढती शक्ती शोषून घेण्यास पाती लांब करणे हा एक मार्ग होता. पण पाते जितके लांब, तितके त्याचे टोक वेगाने फिरते, आणि हा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की ओढ घटते व आवाज असह्य होतो. तेव्हा पात्यांची लांबी घटवून संख्या वाढविण्याचा मार्ग पत्करण्यात आला. हॅमिल्टन स्टँडर्डचा ५४एच६० हा चार पात्यांचा, साडेतेरा फूट व्यासाचा प्रोपेलर अशा रीतीने हर्क्युलसवर आला. दंतचक्रांच्या योगाने इंजिनाची गती कमी होऊन तो मिनिटाला १,०२० म्हणजे सेकंदाला सतरा फेरे घेतो. साध्या गणिताने पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर येतो. विमानाचा स्वतःचा वेग त्यात मिळविल्यावरही तो ध्वनीच्या मर्यादेत राहतो.

हा प्रोपेलर यशस्वी ठरला. सी-१३०ई आणि सी-१३०एच या पुढील प्रकारांवर तोच राहिला. नौदलाच्या पी-३ ओरायन या टेहळणी विमानावरही त्याच कुळातील प्रोपेलर होता. एवढेच नव्हे, तर कित्येक जुन्या सी-१३०ए विमानांवरील तीन पात्यांचे प्रोपेलर उतरवून त्यांच्या जागी चार पात्यांचे बसविण्यात आले. जी वस्तू सर्वत्र चालते, जिचे सुटे भाग सर्वत्र मिळतात आणि जिची दुरुस्ती शेकडो कारागिरांना अवगत आहे, ती बदलण्याची निकड कोणास भासत नाही. पुढील अर्धशतकात या प्रोपेलराला प्रतिस्पर्धी का मिळाला नाही, याचे उत्तर बहुतांशी या सोयीत आहे.

३

नव्या पिढीचा प्रोपेलर आला तो नव्या विमानाबरोबर. ५ एप्रिल १९९६ रोजी सी-१३०जे या प्रकाराने प्रथम उड्डाण केले. त्यावर नवी इंजिने आणि इंग्लंडच्या डाउटी कंपनीचे, संमिश्र द्रव्याच्या सहा पात्यांचे प्रोपेलर होते. भारतीय वायुदलात २०११ साली दाखल झालेली हर्क्युलस विमाने याच प्रकारची होत. परंतु जुन्या इंजिनांच्या विमानांना या सुधारणेचा लाभ मिळणे शक्य नव्हते. आणि अशी विमाने अमेरिकेच्या राखीव दलांत व राज्यांच्या राष्ट्रीय रक्षक दलांत मोठ्या संख्येने होती.

जुन्या टी५६ इंजिनाला जोडता येईल असा नवा प्रोपेलर प्रथम नौदलाच्या ई-२सी हॉकआय विमानासाठी तयार झाला. एनपी२००० या नावाने ओळखला जाणारा हा आठ पात्यांचा प्रोपेलर हॅमिल्टन स्टँडर्डच्याच उत्तराधिकारी कंपनीने बनविला आणि २००१ साली तो हॉकआयवर उडाला. त्याची पाती संमिश्र द्रव्याची असून कोनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. शिवाय एखादे पाते नादुरुस्त झाल्यास सगळा प्रोपेलर न उतरविता विमानावरच तेवढे पाते बदलता येते. २००८ साली कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर हर्क्युलसवर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या.

हर्क्युलससाठी या प्रोपेलराची खरी निकड ध्रुवप्रदेशात निर्माण झाली होती. न्यूयॉर्क राज्याच्या राष्ट्रीय हवाई रक्षक दलाची १०९ वी तुकडी घसरपट्ट्या लावलेली एलसी-१३० विमाने घेऊन ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील वैज्ञानिक ठाण्यांना रसद पोहोचविते. मऊ बर्फात रुतणाऱ्या जड विमानाला वेग देण्यासाठी त्याच्या बाजूंना रॉकेटच्या नळ्या बांधाव्या लागत. या नळ्यांचे उत्पादन थांबले होते आणि शिल्लक साठा आटत चालला होता. आठ पात्यांच्या प्रोपेलराची उड्डाणसमयीची अधिक ओढ ही त्यावरील उपाययोजना ठरली. वायोमिंगच्या रक्षक दलाची १५३ वी तुकडीही आठ पात्यांचा प्रोपेलर व सुधारित टी५६ इंजिन यांचा स्वीकार करणाऱ्या पहिल्या तुकड्यांपैकी एक होती. या तुकडीचा तळ शायेन येथे आहे. १९३३ साली ज्या विरळ हवेने बोइंग विमानापुढे प्रश्न उभा केला, त्याच हवेत सुमारे आठ दशकांनी पुन्हा तेच उत्तर, विमान जुने ठेवून प्रोपेलर नवा करण्याचे, देण्यात आले.

तथापि ही सुधारणा एकेका तुकडीपुरती आणि पैशाच्या सोयीने होत गेली. तिचे समर्थनही मुख्यतः अधिक ओढ, कमी कंप आणि देखभालीतील बचत या लाभांच्या भाषेत केले जाई. जुना प्रोपेलर धोकादायक आहे, म्हणून तो बदलला पाहिजे, हा मुद्दा त्या युक्तिवादात अग्रभागी नव्हता. तो पुढे आणला एका अपघाताने.

४

१० जुलै २०१७ रोजी अमेरिकन मरीन दलाचे केसी-१३०टी हे विमान नॉर्थ कॅरोलायनातील चेरी पॉइंट येथून कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. सुमारे २०,००० फूट उंचीवर स्थिर उड्डाण चालू असताना मिसिसिपी राज्यातील इट्टा बीना गावाजवळ ते हवेतच मोडून खाली कोसळले. विमानातील पंधरा मरीन सैनिक आणि नौदलाचा एक वैद्यकीय सहायक असे सोळाही जण मृत्युमुखी पडले.

चौकशीचा अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून घटनाक्रम असा दिसतो. डाव्या बाजूच्या आतील, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या प्रोपेलराचे चौथे पाते मुळापाशी तुटून सुटले आणि विमानाचे धड डावीकडून भेदून आत घुसले. त्या आघाताच्या परिणामी उजव्या बाजूचा आतील प्रोपेलर इंजिनापासून निखळला व विमानावर आदळला. त्यानंतर विमानाचे तुकडे झाले. वैमानिकांना काही करण्यास अवसरच नव्हता.

५४एच६० चे पाते भरीव ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असते. मात्र त्याच्या मुळाशी, तुंब्यात बसणाऱ्या भागात, आतून निमुळते छिद्र असते. या छिद्राच्या पृष्ठभागावर क्षरणामुळे सूक्ष्म खळगे पडले होते. एका खळग्यापासून चीर निघाली, ती वर्षानुवर्षे वाढत गेली आणि अखेरीस पाते तुटले. हा भाग बाहेरून दिसत नाही. पाते उतरवून, आतील पुंगळी काढून तपासणी केली तरच तो दृष्टीस पडतो. आणि अशी तपासणी ओव्हरहॉलच्या वेळीच होते. हे पाते २०११ साली जॉर्जिया राज्यातील वॉर्नर रॉबिन्स येथील वायुदलाच्या कारखान्यात ओव्हरहॉल होऊन बाहेर पडले होते.

त्या वेळी तेथे खळगे होते काय, हा चौकशीतील निर्णायक प्रश्न होता. २०११ सालचे कामाचे कागद त्याचे उत्तर देऊ शकले नाहीत. असे कागद केवळ दोन वर्षे जपून ठेवण्याचा कारखान्याचा नियम होता. उत्तर दिले ते धातूने. ओव्हरहॉलच्या शेवटी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ॲनोडाइझ नावाचा संरक्षक थर चढवितात. तुटलेल्या पात्याच्या खळग्यांच्या आत हा थर आढळला. थर चढल्यानंतर खळगा पडला असता तर थर तेथे फुटलेला दिसला असता. ज्या अर्थी थर खळग्याच्या आत आहे, त्या अर्थी खळगा आधीचा आहे. म्हणजे दोष ओव्हरहॉलच्या वेळी अस्तित्वात होता, दिसण्याजोगा होता, आणि तो न काढताच त्यावर नवा थर चढविण्यात आला. त्याच विमानाच्या सोळा पात्यांपैकी बारा पात्यांवर मागील ओव्हरहॉलच्या वेळेपासूनचे क्षरण होते, असेही अहवालाने नमूद केले.

इतिहासाच्या अभ्यासकास या अनुमानाची पद्धत परिचित वाटेल. ताम्रपटावरील मूळ अक्षरे आणि त्यांवर मागाहून कोरलेली अक्षरे यांचा पौर्वापर्यक्रम ठरविताना, किंवा उत्खननातील थरांचा कालानुक्रम लावताना, हाच न्याय लावला जातो. फरक एवढाच की येथील साधन अवघे सहा वर्षांचे जुने होते. ते अनुमानाने वाचावे लागले याचे कारण लिखित पुरावा काळाच्या ओघात हरवला हे नसून, तो नियमाने नष्ट होऊ दिला गेला हे होते.

५

या अपघातानंतर नौदलाच्या राखीव दलातील सी-१३०टी विमानांवर एनपी२००० बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. वायुदलाच्या सी-१३०एच विमानांचे नूतनीकरणही चालू होते, पण ते पुरे झालेले नव्हते. २०२२ साली वॉर्नर रॉबिन्स येथेच देखभालीनंतर इंजिन चालवून पाहताना एका प्रोपेलरातून सतत तेल गळताना दिसले. शोध घेता प्रोपेलराच्या मधल्या कवचाला, म्हणजे पात्यांची मुळे धरून ठेवणाऱ्या भागाला, तडा गेल्याचे आढळले. आणखी दोन कवचांनाही तसेच तडे निघाले. हे दोष १९७१ पूर्वी बनविलेल्या कवचांशी निगडित असल्याचे दिसून आल्यावर, सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस वायुदलाने आपल्या १२८ सी-१३०एच विमानांपैकी ११६ विमाने जमिनीवर थांबविली. सी-१३०जे विमाने आणि आठ पात्यांचे प्रोपेलर लावलेली सी-१३०एच विमाने यांना ही आज्ञा लागू नव्हती.

या घटनेत एक कालविपर्यास दडलेला आहे. अमेरिकन वायुदलास परिवहनासाठी सी-१३०एच विमाने मिळू लागली ती १९७४ पासून. तेव्हा १९७१ पूर्वीचे कवच ज्या विमानावर होते, त्या विमानापेक्षा ते कवच वयाने मोठे असणे संभवनीय होते. प्रोपेलराचे भाग विमानाबरोबर जन्मत नाहीत आणि विमानाबरोबर मरतही नाहीत. ते उतरविले जातात, कारखान्यात जातात, आणि परत येताना वेगळ्याच विमानावर येऊ शकतात. ‘जुने विमान’ हा शब्दप्रयोग म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. विमानाच्या वयाची नोंद ठळक अक्षरांत असते. त्याच्या पात्याचे वय एखाद्या कार्डावर असते, आणि त्या कार्डाला दोन वर्षांचेच आयुष्य असेल तर पात्याला पूर्वेतिहास उरत नाही.

६

या सर्व प्रकरणातून दोन निष्कर्ष काढले जाण्याचा संभव आहे, आणि दोन्ही तपासून घेतले पाहिजेत. पहिला असा की, आठ पात्यांचा प्रोपेलर वेळीच बसविला असता तर अपघात टळला असता. हे त्या एका पात्यापुरते खरे आहे. संमिश्र द्रव्याच्या पात्याला ॲल्युमिनियमचे क्षरण होत नाही. परंतु ५४एच६० च्या आराखड्यात मूलतः खोट होती, असे यावरून सिद्ध होत नाही. क्षरणाचा धोका ठाऊक होता, तो शोधण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. त्या रीती पाळल्या गेल्या नाहीत. जी संस्था जुन्या पात्यातील खळगा न पाहता पुढे पाठविते, ती नव्या पात्यातील दोष अवश्य पाहील, असे मानण्यास नव्या पात्यात काही आधार नाही.

दुसरा निष्कर्ष याच्या उलट बाजूचा : दोष केवळ देखभालीचा होता, सबब जुनी यंत्रे काळजीपूर्वक वापरल्यास बदलण्याची गरज नाही. हाही अपुरा आहे. काळजी हा अक्षय साठा नाही. एकाच जातीची हजारो पाती दशकानुदशके तपासताना, प्रत्येक पाते मागच्यासारखेच निघेल ही अपेक्षा तपासणाऱ्याच्या दृष्टीत शिरते. जो प्रोपेलर प्रदीर्घ काळ विश्वासू ठरला, त्याच्याविषयीचा विश्वास हीच त्याच्या तपासणीतील एक उणीव बनते. सुधारणा लांबणीवर टाकणे म्हणजे अशा तपासण्यांची संख्या वाढविणे. आणि हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

तेव्हा हर्क्युलसच्या प्रोपेलराचा इतिहास तीन, चार, सहा, आठ या आकड्यांत मांडणे हे त्याचे अर्धेच कथन होय. उरलेले अर्धे कारखान्यातील बाकावर घडले : कोणते पाते कोणत्या दिवशी कोणी उघडले, त्यास काय दिसले, आणि त्याने काय लिहून ठेवले. तंत्रविद्येच्या इतिहासकाराने या कामाच्या कागदांना आराखडे आणि करारपत्रे यांच्याइतकेच प्रथम दर्जाचे साधन मानले पाहिजे. हे केवळ अभ्यासाच्या सोयीसाठी नव्हे. २०११ साली त्या पात्याविषयी लिहिली गेलेली ओळ २०१७ पर्यंत शिल्लक राहिली असती आणि कोणी वाचली असती, तर ती प्रथम उपयोगी पडली असती ती त्या विमानातील सोळा जणांना. इतिहासकाराची पाळी त्यानंतरची होती.